दावणीचा बैल विकण्याआधी सिस्टरना विचारा

येडशी : घरात ऑपरेशन निघालं की आधी दावणीचा बैल बाजारात जातो, मग सावकाराचं दार. थोडं थांबा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार आहेत. हप्ता नाही, पांढरी शिधापत्रिकाही चालते. मात्र अंगीकृत रुग्णालयातच आणि यादीतल्या आजारांनाच. म्हणून भरती होण्याआधी उपकेंद्राच्या सिस्टरना विचारा : आजार यादीत बसतो का, कुठं जायचं? रुग्णालयात शिधापत्रिका, आधार कार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटा. सुनेचं, नातवाचं नाव शिधापत्रिकेत नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत आत्ताच घाला. ग्रामपंचायतीनं रुग्णालयांची यादी चावडीवर लावावी. आजारपण काही पेरणी-सुगी बघून येत नाही.