घरातील वायफाय : उघडे दार आणि मालकाची जबाबदारी

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. अशा दाट वस्तीत एका घरातील वायफायच्या लहरी शेजारच्या घरांत आणि खालच्या रस्त्यावरही सहज पोहोचतात. भिंतींमुळे त्या क्षीण होतात, पण थांबत नाहीत. परक्या माणसाला रोखण्याचे काम पासवर्डच करतो. तो नसला किंवा दुबळा असला, तर काय घडू शकते, हे २००८ मध्ये देशाने अनुभवले.

२००८ चा धडा

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल मिळाला होता. तपासाचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेपर्यंत पोहोचला. तेथे एक अमेरिकी नागरिक राहत होता. त्याची चौकशी झाली आणि त्याचा संगणक ताब्यात घेण्यात आला. त्याच्या असुरक्षित वायफायचा दुसऱ्याच कोणी गैरवापर केल्याचे नंतर तपासात पुढे आले.

त्यानंतर ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळी चेंबूरमधील एका कंपनीच्या जोडणीवरून असेच ई-मेल गेले. करोल बाग, कॅनॉट प्लेस आणि ग्रेटर कैलास येथील स्फोटांची जबाबदारी घेणारा संदेश मुंबईतून निघाला होता. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी असुरक्षित वायफाय शोधण्याची मोहीम जाहीर केली. फेब्रुवारीत दूरसंचार विभागानेही वायफायच्या सुरक्षित वापराबाबत सेवा पुरवठादारांना सूचना दिल्या.

पत्ता घराचा, माणूस कोण?

घरातील मोबाइल, संगणक आणि दूरचित्रवाणी संच ही सारी उपकरणे राउटरमार्फत सामान्यतः एकाच आयपी पत्त्याने बाहेरच्या जगाशी बोलतात. त्यामुळे तपास यंत्रणेला प्रथम कळते ते जोडणी कोणाच्या नावावर आहे एवढेच. संदेश घरातील व्यक्तीने पाठवला की जिन्यात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाने, हे त्या पत्त्यावरून समजत नाही. घरगुती राउटरमधील नोंदीही बहुधा फार काळ टिकत नाहीत. परिणामी, खुलासा करण्याची पहिली वेळ जोडणीधारकावरच येते.

कोणते कुलूप वापरावे?

वायफायच्या सुरुवातीच्या काळातील डब्ल्यूईपी या पद्धतीतील मूलभूत दोष २००१ मध्येच उघड झाला होता. ती आता मुळीच वापरू नये. २००४ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-३ निवडावी. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा असावाच लागतो; तो त्याहून बराच लांब असणे हिताचे. मोबाइल क्रमांक, घर क्रमांक किंवा मुलांची नावे टाळावीत. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडल्यास ते लक्षातही राहतात आणि ओळखणेही कठीण जाते.

बटण दाबून किंवा ८ अंकी पिन देऊन जोडणी करण्याची डब्ल्यूपीएस ही सोय बंद ठेवावी. हा पिन दोन भागांत तपासला जातो आणि त्याचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून ठरतो. त्यामुळे कोट्यवधी शक्यतांऐवजी फार तर ११ हजार प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ मध्ये उघड झाले. वायफायचे नाव लपवल्याने मात्र खरे संरक्षण मिळत नाही. साध्या साधनांनीही ते शोधता येते.

दुसरा पासवर्ड

वायफायचा पासवर्ड आणि राउटरच्या नियंत्रण पानाचा पासवर्ड हे दोन वेगळे आहेत. दुसरा अनेकदा कारखान्यातून आला तसाच राहतो. अशा तयार पासवर्डांचा फायदा घेऊन २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने जगभरातील कॅमेरे आणि राउटर मोठ्या प्रमाणावर ताब्यात घेतले होते. नियंत्रण पानाचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो आणि तो राउटरच्या मागे छापलेला आढळतो. तेथे पासवर्ड बदलावा, बाहेरून नियंत्रणाची सोय बंद करावी आणि राउटरची आज्ञावली अद्ययावत करावी. उत्पादकाने सुधारणा देणे थांबवले असेल, तर राउटर बदलणेच योग्य. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ जोडणी वेगळी ठेवता येते.

बदली झाल्यावर

सरकारी वसाहतींत बदली आणि निवृत्तीमुळे घरे वारंवार रिकामी होतात. जोडणी जुन्या रहिवाशाच्या नावावर आणि वापर नव्याचा, अशी स्थिती राहू देऊ नये. जाणाऱ्याने जोडणी रीतसर बंद किंवा हस्तांतरित करावी. राउटर मागे ठेवायचा असल्यास मागील बारीक छिद्रातील ‘रीसेट’ बटण दाबून तो मूळ स्थितीत आणावा. येणाऱ्याने दोन्ही पासवर्ड नव्याने ठेवावेत.

नियंत्रण पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. त्यात अनोळखी नाव आढळल्यास पासवर्ड तत्काळ बदलावा. जोडणीच्या गैरवापरातून आर्थिक फसवणूक झाल्याचा संशय असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर त्वरित कळवावे.