कळपातील निराळी टिटवी

रक्ताच्या काचपट्टीवर असंख्य गोल तांबड्या पेशींमधून विळ्याच्या आकाराची एखादीच पेशी हेरावयास जी नजर लागते, तीच थव्यातील दुर्मिळ पक्षी ओळखावयासही लागते. व्यवसायबंधूंना हे साम्य सहज पटावे. विरळा ओळखावयाचा, तर नेहमीचा आधी पूर्ण परिचयाचा हवा.

उकवा हे आमचे गाव मॅंगनीजच्या भूमिगत खाणीमुळे सर्वपरिचित आहे. धानाची कापणी आटोपली की भोवतालच्या मोकळ्या बांध्यांत टिटव्या उतरतात. त्यांतील ताम्रमुखी टिटवी डोळ्यापुढील लाल गाठीने व काळ्या छातीने लगेच कळते. पीतमुखीची टोपी काळी, टोपीखाली पांढरी कड, गाठ आणि पाय पिवळे.

या दुसरीशी घोटाळा व्हावा अशी एक पाहुणी म्हणजे सोशेबल लॅपविंग. पॅलस या निसर्गशास्त्रज्ञाने १७७१ मध्ये तिचे वर्णन केले. ती मुख्यत्वे कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात वीण घालते. तिचे काही थवे हिवाळ्यात पाकिस्तान व वायव्य भारतात येतात, तर काही तुर्कस्तान-सीरियामार्गे सुदानकडे जातात. वाटेवरील शिकारीने तिचा फार घात केला. २००४ पासून तिची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते.

तिची लक्षणे मोजकी, परंतु निर्णायक आहेत. डोळ्यांवरच्या फिकट भुवया मानेमागे इंग्रजी ‘व्ही’सारख्या जुळतात, गाठ मुळीच नसते, पाय काळपट असतात. उडताना पंखाचे टोक काळे व आतली पिसे मागच्या कडेपर्यंत शुभ्र दिसतात.

एका हिवाळ्यात आमच्या दवाखान्यातील तरुण सहकारी हर्षाने म्हणाला, “डॉक्टरसाहेब, ती एक निराळीच आहे!” सतरा टिटव्यांत एकीची टोपी फिकट तपकिरी होती आणि गाठ दिसत नव्हती. पाय मात्र धसकटांत बुडालेले. बालाघाट त्या पाहुणीच्या नेहमीच्या मुलखाबाहेर असल्याने पुरावा अधिक भक्कम हवा होता. आम्ही वाट पाहिली. वीस मिनिटांनी ती बांधावर चढली. पाय पिवळे होते! मान वळताच चिमुकली गाठही दिसली. ती पीतमुखीचेच वाढते पिल्लू होती. सहकाऱ्याचा चेहरा उतरला. मी मात्र त्याचे अभिनंदन केले, कारण सतरांतील एक निराळी त्यानेच टिपली होती.

एक चुकीची नोंद निरुपद्रवी वाटते. परंतु कोणती माळराने राखावयाची, हे अशाच नोंदींवरून ठरते. खोट्या नोंदीने लक्ष भलतीकडे जाते आणि खरी पाहुणी दुर्लक्षित राहते. रुग्णाच्या कागदावर सिकलसेल हा शब्द लिहिण्यापूर्वी आपण विद्राव्यता चाचणीवर न थांबता इलेक्ट्रोफोरेसिस करवितो, ते याच जबाबदारीने.

तेव्हा बंधूंनो, फेरीवर जाताना दुर्बीण सोबत असू द्यावी. दिनांक, स्थळ, संख्या आणि पायांचा रंग तेथेच लिहावा. शक्य तर छायाचित्र घ्यावे आणि दुसऱ्या जाणकाराला दाखवावे. शंका उरलीच, तर ती शंका म्हणूनच नोंदवावी.