दुसऱ्यांदा सापडला तर?

वारंगा फाट्यावर दोन मोठे रस्ते एकमेकांना भेटतात. एक अकोल्याहून वाशीम, हिंगोली, कळमनुरी करत येतो आणि नांदेड-देगलूरवरून तेलंगणातल्या संगारेड्डीकडे जातो. दुसरा नागपूरकडून यवतमाळ, उमरखेड, हदगाव मागे टाकत येतो आणि लातूर-तुळजापूरची वाट धरतो. म्हणून या छोट्याशा गावात रात्री दोन वाजताही ट्रक, ट्रॅव्हल्स आणि चहाच्या टपऱ्या जाग्या असतात. आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगरांत पिकणारा गांजा तेलंगणामार्गे महाराष्ट्रात उतरतो. त्यामुळे असा फाटा नाकाबंदीला सोयीचा.

आता एक प्रसंग कल्पनेतला घेऊ. नाकाबंदीत एका गाडीच्या डिकीत खाकी चिकटपट्टी गुंडाळलेली पाकिटं सापडली. दोन पंच बोलावले, राजपत्रित अधिकारी आला, इलेक्ट्रॉनिक काटा बोनेटवर ठेवला. आत हिरवट-काळपट, चिकट, उग्र वासाची बोंडं. वजन भरलं 21 किलो. गाडी चालवणारा माणूस याआधी अशाच गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटलेला. फाट्यावरच्या कुणालाही विचारा, "सराईत आहे, आता जन्मभर आत," असंच उत्तर येईल. कोर्टात मात्र हा हिशेब फार वेगळ्या, आणि मला विचाराल तर थक्क करणाऱ्या रीतीने होतो.

पहिला प्रश्न माणसाचा नाही, वजनाचा. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे सगळे ज्याला एनडीपीएस म्हणतात त्यात, 2001 पासून प्रत्येक पदार्थासाठी दोन रेषा आहेत: अल्प मात्रा आणि व्यावसायिक मात्रा. गांजाची पहिली रेषा 1 किलोवर, दुसरी 20 किलोवर. चरसची 100 ग्रॅम आणि 1 किलो, हेरॉइनची 5 ग्रॅम आणि 250 ग्रॅम. 1 किलोपर्यंत गांजा असेल तर जास्तीत जास्त 1 वर्ष. 1 ते 20 किलोच्या मध्ये 10 वर्षांपर्यंत, पण किमान काहीच नाही, न्यायाधीश 2 वर्षंही देऊ शकतात. व्यावसायिक मात्रा ठरली की चित्रच पालटतं: किमान 10 वर्षं सक्तमजुरी, कमाल 20, दंड 1 ते 2 लाख. यात दया दाखवून 9 वर्षं 11 महिने देण्याची मुभा कुणालाच नाही.

म्हणून बोनेटवरचा तो काटा खटल्यातला पहिला साक्षीदार होतो, आणि त्याची उलटतपासणीही कसून होते. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया गांजा ठरत नाहीत. अख्खी झाडं मुळांसकट पोत्यात कोंबून काट्यावर चढवली असतील तर बचावाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार, की शेंडे किती आणि काड्या किती? वाळलेला होता की ओला? नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढले का? गांजाचा प्रत्येक नमुना 24 ग्रॅमचा आणि दोन प्रतींत काढायचा असा नियम आहे. लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, मुद्देमाल खोलीच्या रजिस्टरमधली नोंद, यातली एक कडी तुटली तरी सराईतही निर्दोष सुटू शकतो.

समजा, सगळ्या कड्या शाबूत राहिल्या. आता त्याचा जुना गुन्हा केव्हा पुढे येतो ते पाहण्यासारखं आहे.

जामिनाच्या वेळी तो उघड असतो. मात्रा व्यावसायिक असेल तर कलम 37 प्रमाणे न्यायालयाची खात्री पटावी लागते, की हा दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे आणि बाहेर गेल्यावर हा पुन्हा गुन्हा करणार नाही. जुनी शिक्षा असलेल्या माणसाबद्दल ही खात्री कशी पटणार? म्हणून जामीन बहुधा नाही. मग खटला सुरू होतो, आणि तीच जुनी शिक्षा एकदम पडद्याआड जाते. दोषारोपपत्रात तिचा उल्लेख असतो, पण तो भाग वाचून दाखवायचा नाही, आरोपीला त्याबद्दल विचारायचं नाही, सरकारी वकिलांनी तिचं नावही काढायचं नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 236 मध्ये हे होतं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते तसंच आलं आहे. आधी या डिकीतल्या 21 किलोंबद्दल निकाल द्यायचा. दोषी ठरला, तरच विचारायचं, की याआधी शिक्षा झालेला माणूस तो तूच का?

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात "सराईत गांजा तस्कर जेरबंद" असा मथळा आधीच छापून आलेला असतो आणि न्यायाधीशही वर्तमानपत्र वाचतात, हे खरं. तरीही पुराव्याच्या कागदांत तो मथळा येऊ द्यायचा नाही, ही शिस्त मला फार मोलाची वाटते. काल चोरी केली म्हणून आजचीही त्यानंच केली असणार, हा गावगप्पांतला तर्क कोर्टाच्या दाराशीच अडवलेला आहे.

आरोपीनं जुनी शिक्षा नाकारली तर ती सिद्ध करावी लागते. जुन्या निकालाची प्रमाणित प्रत किंवा तुरुंग अधिकाऱ्याचा दाखला आणायचा, आणि वर हेही दाखवायचं, की त्या कागदावरचा माणूस आणि हा पिंजऱ्यातला माणूस एकच आहे. सरकारी पक्ष दोषारोपात हा मुद्दा घ्यायचाच विसरला तर? शिक्षा सुनावण्याआधी तो जोडता येतो. तोपर्यंतही लक्षात आलं नाही, तर दुसऱ्यांदा सापडलेल्याला पहिल्या वेळेचीच शिक्षा मिळते.

इथं आणखी एक गैरसमज बाजूला करू. "त्याच्यावर आधीचे सहा गुन्हे दाखल आहेत" हे वाक्य पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात शोभतं. दुसऱ्या दोषसिद्धीला वाढीव शिक्षा सांगणारं कलम आहे 31, आणि त्यात या वाक्याची किंमत शून्य. तिथं फक्त दोषसिद्धी मोजतात, दाखल गुन्हे नाही. उलट परदेशातल्या कोर्टानं तिथल्या तशाच कायद्याखाली शिक्षा दिली असेल, तर ती मात्र भारतातल्या शिक्षेसारखीच मोजली जाते.

जुनी शिक्षा सिद्ध झाली की कलम 31 चा गुणाकार सुरू होतो, आणि तो दीडपटीचा आहे. कमाल शिक्षा दीडपट, दंड दीडपट, आणि जिथं किमान शिक्षा ठरवून दिलेली आहे तिथं किमानही दीडपट. म्हणजे व्यावसायिक मात्रेत 10 ते 20 ऐवजी 15 ते 30 वर्षं. मधल्या मात्रेत 15 वर्षांपर्यंत, किमान मात्र तरीही नाही. अल्प मात्रेत दीड वर्षापर्यंत.

पण या कलमात एक अट दडलेली आहे आणि वकील मंडळी तिच्यावर तासन्‌तास बोलू शकतात. दुसरा गुन्हा पहिल्याइतक्याच शिक्षेचा असला पाहिजे. पूर्वी अर्धा किलोसाठी शिक्षा झालेला माणूस आता 21 किलोंसह सापडला, तर दोन्ही गुन्ह्यांची शिक्षा सारखी नाही, म्हणून दीडपट लागत नाही असा युक्तिवाद सरळ उभा राहतो. वाढत्या पायरीनं धंदा करणाऱ्याला सूट आणि त्याच पायरीवर राहणाऱ्याला जादा शिक्षा, असा हा विचित्र परिणाम. लिहिणाऱ्यांच्या मनात हे असेल असं मला वाटत नाही, पण कायद्यात जे लिहिलंय तेच वाचायचं असतं.

शिक्षा ठरली की ती बहुतेक पूर्ण भोगावीच लागते. इतर कैद्यांना चांगल्या वागणुकीबद्दल मिळणारी माफी कलम 32ए मुळे इथं नाही. हे कलम तर अपील चालू असतानाही शिक्षा स्थगित करू नका असं न्यायालयांना बजावत होतं. 2000 साली 'दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तेवढा भाग घटनाबाह्य ठरवला, माफीवरची बंदी मात्र कायम ठेवली.

आता या कायद्यातल्या सर्वांत टोकाच्या कलमाकडे येऊ. 1985 पूर्वी 1930 चा डेंजरस ड्रग्ज अ‍ॅक्ट चालत होता. त्यात कमाल शिक्षा 3 वर्षं, पुन्हा सापडल्यास 4. नवा कायदा 14 नोव्हेंबर 1985 ला आला आणि 4 वर्षांचे थेट 30 झाले. एवढ्यावर भागलं नाही. 1989 मध्ये कलम 31ए घालण्यात आलं: ठरावीक मोठ्या मात्रेत दुसऱ्यांदा दोषी ठरला की फाशी. अफू 10 किलो, हेरॉइन 1 किलो, कोकेन 500 ग्रॅम, चरस 20 किलो. (या यादीत गांजाचं नाव नाही, तेव्हा फाट्यावरचा आपला काल्पनिक आरोपी फाशीच्या छायेत नाही.) दोषी ठरल्यावर न्यायाधीशांपुढे पर्यायच नव्हता. तो मालक होता की भाड्यानं पोती वाहणारा हमाल, वय काय, पहिली शिक्षा कधीची, सगळं गैरलागू.

2008 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयानं चरसच्या तस्करीत दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या एका काश्मिरी माणसाला याच कलमाखाली फाशी सुनावली. ते प्रकरण आणि 'इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्क' या संस्थेची याचिका मुंबई उच्च न्यायालयात पोहोचली. न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि न्यायमूर्ती ए. पी. भंगाळे यांच्या खंडपीठानं 16 जून 2011 रोजी निकाल दिला: फाशीची सक्ती घटनेच्या 21 व्या कलमाशी विसंगत आहे. कलम रद्द केलं नाही, सक्तीच्या जागी मुभा वाचली. न्यायाधीशांनी कलम 31 ची शिक्षा, म्हणजे 30 वर्षांपर्यंतची कैद, हा पर्याय तोलूनच काय ते ठरवायचं. अमली पदार्थांसाठीची सक्तीची फाशी अमान्य करणारं जगातलं पहिलं न्यायालय म्हणून तेव्हा मुंबईचं नाव घेतलं गेलं.

या निकालाचं मूळ आणखी मागे, 1983 च्या मिठू प्रकरणात आहे. जन्मठेपेच्या कैद्यानं खून केला तर फाशीच, असं भारतीय दंड संहितेचं कलम 303 सांगत होतं. ते सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं रद्द केलं, आणि मुख्य निकालपत्र लिहिलं सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी. शिक्षा ठरवताना न्यायाधीशांचे डोळे बांधायचे नाहीत, हा धागा तिथून इथवर आलेला आहे. त्या काश्मिरी आरोपीची फाशी पुढे 30 वर्षांच्या कैदेत बदलली. 2014 मध्ये संसदेनंही कलमात दुरुस्ती केली. फाशी आजही कायद्यात आहे, सक्ती नाही.

सिंगापूरमध्ये 500 ग्रॅमहून जास्त गांजाच्या तस्करीला फाशी आहे, आणि तीही पहिल्याच वेळी. 2012 च्या दुरुस्तीनंतर केवळ माल वाहणाऱ्यांबाबत, काही अटी पाळून, न्यायाधीशांना थोडा मोकळेपणा मिळाला. वारंगा फाट्यावर 600 ग्रॅम सापडले तर कमाल शिक्षा 1 वर्ष. पदार्थ तोच, फरक फक्त देशाचा.

या सगळ्या यंत्रणेबद्दल माझी एक तक्रार आहे. काट्यावर वजन माल वाहणाऱ्याचं होतं, माल पाठवणाऱ्याचं क्वचितच. पैसा पुरवणाऱ्यासाठी कलम 27ए आहे, शिक्षा तीच 10 ते 20 वर्षं, पण नाकाबंदीत सापडतो तो ड्रायव्हर, आणि दीडपटीचा गुणाकार बहुधा त्याच्याच वाट्याला येतो. महाराष्ट्रात तर खटल्याबाहेरचाही मार्ग आहे. 1981 च्या एमपीडीए कायद्याखाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त अमली पदार्थ गुन्हेगाराला वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करू शकतात. ती शिक्षा नव्हे, म्हणून ती कलम 31 मध्ये मोजलीही जात नाही.

आणि जो विकत नाही, फक्त ओढतो, तो पुन्हा पुन्हा सापडतो तो व्यसनामुळे. त्याच्यासाठी याच कडक कायद्यात कलम 64ए आहे. अल्प मात्रेत किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी माणसानं आपणहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. तुमच्या ओळखीतलं कुणी असं अडकलं असेल, तर पहिल्याच तारखेला वकिलांना या कलमाबद्दल विचारा, आणि केंद्राचा पत्ता हवा असेल तर 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा. फोन मोफत आहे.