६४००चा हिशेब

ऑगस्ट २००७मध्ये तीन दिवसांच्या अंतराने दोन कॅमेरे जाहीर झाले. २० तारखेला कॅननचा ईओएस-१डीएस मार्क थ्री, २१ मेगापिक्सेलचा. २३ला निकॉनचा डी३, जेमतेम १२ मेगापिक्सेलचा. सेन्सर दोघांचाही ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा. पण कॅननचा नेहमीचा आयएसओ १६००ला थांबत होता, तर निकॉनचा ६४००पर्यंत जात होता. वाढीव पट्ट्यात थेट २५,६००.

गाजला तो ६४००चा आकडा. स्टेडियमच्या दिव्यांखाली किंवा फ्लॅशला मज्जाव असलेल्या नाट्यगृहात काम करणाऱ्यांना मेगापिक्सेलपेक्षा शटरचा वेग हवा असतो. १६००वरून ६४०० म्हणजे दोन स्टॉप, १/६०च्या जागी १/२५०. नटाचा वळता हात फराटा न होता हात म्हणून उमटतो.

पण ६४०० हा कंपनीने छापलेला आकडा. आयएसओ वाढवल्याने सेन्सर जास्त प्रकाश पकडू लागत नाही. मिळालेला तोकडा संदेश वाढवून घेतला जातो, एवढंच. आणि नॉईज, म्हणजे फोटोतली खरखर, बराचसा प्रकाशातच असतो, कारण फोटॉन मोजूनमापून येत नाहीत. पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडले तर चढउतार १००चा, म्हणजे एक टक्का; १०० पडले तर १०चा, म्हणजे दहा टक्के. त्यावर कुठल्याच कंपनीकडे इलाज नाही. कंपनीची करामत दिसते ती गडद भागात, जिथे संदेश वाचणाऱ्या सर्किटची स्वतःची खरखर मिसळते. म्हणून मी उजळ चेहरा सोडून आधी काळा कोट आणि विंगेतला अंधार पाहतो.

तुलना करायची तर अपर्चर, शटर, प्रकाश सारखे हवेत, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया करून जेपेग न बनवलेली, हवी. आणि दोन्ही फोटो एकाच आकारात पाहायचे. पडद्यावर शंभर टक्क्यांनी पाहिलं की २१ मेगापिक्सेलवाला जास्त ताणला जातो आणि उगाच बदनाम होतो. कॅमेऱ्यांची मोजणी करणाऱ्या डीएक्सओमार्कने हे पथ्य पाळलं: प्रत्येक फोटो ८ मेगापिक्सेलवर आणून, संदेश नॉईजच्या सुमारे ३२ पट राहतो (शिवाय रंग आणि छटाही किमान पातळीच्या वर राहतात) असा सर्वांत वरचा आयएसओ शोधायचा. डी३ला मिळाले सुमारे २३००, कॅननला सुमारे १६५०. छापील फरक दोन स्टॉपचा, मोजलेला अर्ध्याचा!

मग निकॉनने बनवलं का? तसं म्हणणं अन्यायाचं. रॉ फाइल घरी नेऊन निवांत उजळणाऱ्याला अर्धा स्टॉप किरकोळ वाटेल. सामना संपायच्या आत वर्तमानपत्राला फोटो पाठवणाऱ्याला कॅमेऱ्यातूनच तयार जेपेग लागते, आणि डी३ ६४००ला ती देत होता.

जेपेगचा स्वच्छपणा मात्र तपासून घ्यावा. नॉईज पुसताना दाढीचे केस, साडीची वीण, त्वचेचा पोतही पुसला जातो, माणूस मेणाचा दिसू लागतो. काही सोनी कॅमेऱ्यांनी तर दीर्घ एक्स्पोजरमध्ये बारीक तारेच नॉईज समजून खाल्ले, तेही रॉ फाइलमध्ये. आकाशाचे फोटो काढणाऱ्यांनी त्याला ‘स्टार ईटर’ नाव ठेवलं. दाणेदार फोटो मला परवडतो, असा धुतलेला नाही.

२००९मध्ये डी३एस आला. मेगापिक्सेल तेच १२, वाढीव आयएसओ १,०२,४००. कमाल आकडा चौपट झाला. डीएक्सओमार्कच्या मोजणीत वाढ दीडपटीहूनही थोडी कमी. १,०२,४००चा फोटो मी छापायला देणार नाही. ६४००चा डोळे मिटून देईन.