आधी कवच, मग जोडणी

सन २००५ च्या उन्हाळ्यात इंदूरच्या रामबागेतील माझ्या दवाखान्यात ब्रॉडबँडची तार आली. सेकंदाला किमान २५६ किलोबिट हा आदल्या वर्षीच्या सरकारी धोरणाने ठरविलेला वेग. आज तो हास्यास्पद वाटेल. पण टेलिफोन अडवून ठेवणाऱ्या डायल-अपला कंटाळलेल्या आम्हा मंडळींना त्याचे केवढे अप्रूप होते!

त्याच आठवड्यात नवा संगणक घेतला. जुन्यातील दीड वर्षाच्या रुग्णनोंदी त्यावर उतरविल्या, जुना पुसून भाच्याला देऊन टाकला आणि संध्याकाळी मोडेमची तार जोडली. पाव तासाच्या आत पडद्यावर चौकट उमटली : साठ सेकंदांत संगणक बंद होईल. उलटी मोजणी संपली, संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि पुन्हा तीच चौकट. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीस आलेल्या तरुणाने डिस्क ‘फॉरमॅट’ करून यंत्र सुरळीत करून दिले. नोंदींचे काय, हे त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

आठवड्याने फेफऱ्याचा विकार असलेल्या एका मुलीचे वडील आले. गोळ्यांची मात्रा मी कित्येक महिने टप्प्याटप्प्याने वाढवीत नेली होती. चिठ्ठी त्यांच्याकडून हरवली होती आणि नोंद माझ्याकडून. मी गोंधळलेला पाहून आमचे कंपाउंडरकाका शांतपणे म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मशीनला विचारू नका, वहीला विचारा.” औषधे देताना गोळ्यांचा हिशेब ते स्वतःच्या वहीत लिहून ठेवीत. त्या वहीने त्या दिवशी मुलीला सांभाळले, आणि मलाही.

मी कोणतीही संशयास्पद फाइल उघडली नव्हती. मग घडले काय? ‘ब्लास्टर’ (ऑगस्ट २००३) आणि ‘सॅसर’ (एप्रिल २००४ ची अखेर) या नावांचे ‘वर्म’ त्या काळी इंटरनेटवर फिरत असत. विंडोज एक्सपीतील उणिवांमधून ते आपण होऊन आत शिरत. वापरणाऱ्याने काही करण्याची गरजच नसे. साध्या मोडेमने जोडलेला संगणक साऱ्या जगासमोर उघडा असे. दोन्ही उणिवांवरील दुरुस्त्या वर्म पसरण्यापूर्वीच उपलब्ध होत्या, आणि ऑगस्ट २००४ च्या ‘सर्व्हिस पॅक २’ ने फायरवॉलही आपोआप सुरू होऊ लागली होती. माझ्या संगणकावर मात्र त्याआधीची जुनी प्रत घातलेली होती. थोडक्यात, लस उपलब्ध असूनही बाळाला न टोचता साथीच्या गर्दीत नेले, असा हा प्रकार!

ही गोष्ट जुनी झाली, धडा मात्र जुना झाला नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या. त्यावरील दुरुस्तीही १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी आलेली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर असाच हल्ला झाला आणि तेथील कामकाज कित्येक दिवस हाताने, कागदावर चालवावे लागले.

आता नवा संगणक जोडताना काय करावे? शस्त्रक्रियागृहात हात धुणे, मोजे चढविणे आणि मग छेद, हा क्रम आपण मोडत नाही. येथेही क्रमच महत्त्वाचा.

प्रथम राउटर. तो बाहेरून न मागविता आलेली जोडणी सहसा अडवतो. म्हणून संगणक थेट तारेला न जोडता त्याच्यामागे ठेवावा. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा, वाय-फायसाठी डब्ल्यूपीए-२ वा डब्ल्यूपीए-३ निवडावे आणि प्रतीक्षागृहातील मंडळींसाठी ‘गेस्ट’ जाळे वेगळे ठेवावे.

दुसरा संगणक. आजचे विंडोज ११ सुरुवातीलाच इंटरनेट मागते. तेव्हा राउटर आधी सज्ज हवा. जोडणी होताच इतर कोणतेही काम न करता सर्व अपडेट घ्यावेत आणि ‘आता काही शिल्लक नाही’ असे उत्तर येईपर्यंत पुनःपुन्हा विचारावे. अंगभूत फायरवॉल व अँटिव्हायरस चालू आहेत, याची खात्री करावी. रोजच्या कामासाठी ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ नसलेले खाते उघडावे आणि प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र पासवर्ड द्यावा. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानी असावे. सोनोग्राफी वा एक्स-रे यंत्रास जोडलेला जुना संगणक बदलता येत नसेल, तर त्याला इंटरनेटपासून दूरच ठेवावे.

तिसरी, आणि सर्वांत शेवटी, रुग्णांची माहिती. ती नव्या संगणकावर आणण्यापूर्वी तिच्या प्रती करून घ्याव्यात : एकूण तीन, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, त्यांतील एक दवाखान्याबाहेर. बॅकअपची डिस्क काम संपताच काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर खंडणीखोर विषाणू तिलाही कुलूप लावतो. शिवाय अधूनमधून त्या प्रतीतून एखादी नोंद उघडून पाहावी. न तपासलेला बॅकअप हा निव्वळ दिलासा होय. आणि नवा संगणक निर्वेध चालतो असे दिसेपर्यंत जुना पुसू नये. माझी सर्वांत मोठी चूक तीच होती.

एवढे करूनही घात झालाच, तर तार काढावी, वाय-फाय बंद करावे, जाणकारास बोलवावे आणि डिस्क पुसण्याची घाई करू नये. पैशांची फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

या साऱ्यास फार तर एक दुपार लागते. रुग्ण आपले दुखणे आपल्यापाशी विश्वासाने ठेवतो. ते वहीत उतरो वा यंत्रात, सांभाळण्याची जबाबदारी आपलीच. कंपाउंडरकाका आज नाहीत. त्यांची ती वही मात्र माझ्या कपाटात आहे. दवाखान्यात नवा संगणक आला की आधी ती बाहेर काढून टेबलावर ठेवतो, आणि मगच तार जोडतो.