माइक कोणाच्या हातात?

माझा भाचा बारावीत आहे. जैनाबादहून रोज तापीचा पूल ओलांडून बुऱ्हाणपूरला क्लासला जातो आणि येता-जाता कानात पंजाबी रॅप. परवा रात्री जेवणं झाल्यावर त्याने मोबाईल पुढे केला. ‘मामा, हे तुम्ही बघाच.’ बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचा ‘द किलिंग कॉल’ हा दोन भागांचा माहितीपट होता, गायक सिद्धू मूसेवालाच्या हत्येवरचा.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शुभदीप सिंग सिद्धू हा पंजाबातल्या मानसा जिल्ह्यातल्या मूसा गावचा मुलगा. इंजिनिअर झाला, कॅनडाला गेला आणि 2017 नंतर गाण्यांनी जगभर पोहोचला. त्याच्या गाण्यांत बंदुका आणि दुश्मनी भरपूर असे, गावाचा अभिमानही तितकाच असे. 29 मे 2022 रोजी जवाहरके गावात त्याच्या गाडीवर गोळीबार झाला. वय अवघे 28. आदल्याच दिवशी सरकारने त्याची सुरक्षा कमी केली होती. कॅनडातून टोळी चालवणाऱ्या गोल्डी ब्रारने हत्येची जबाबदारी घेतली.

हा माहितीपट प्रदर्शनाआधीच वादात सापडला. कुटुंबाची संमती घेतली नाही, अशी मूसेवालाच्या वडिलांची तक्रार होती. मुंबईत जुहूला ठरलेला खेळ थांबवावा म्हणून त्यांनी महाराष्ट्र पोलिसांना पत्र लिहिले, मानसाच्या न्यायालयातही गेले. तरीही 11 जून 2025 रोजी, मुलाच्या वाढदिवशीच, तो यूट्यूबवर आला. त्यात गोल्डी ब्रारचा आवाज आहे. हत्या का केली, याची त्याची बाजू तो स्वतः सांगतो.

बघून झाल्यावर मी भाच्याला विचारले, ‘काय लक्षात राहिलं रे?’ तो म्हणाला, ‘त्या गोल्डीचा आवाज.’ मला तिथेच खटकले. दोन भाग बघून मुलाच्या मनात राहिला तो मारेकऱ्यांचा म्होरक्या.

पत्रकारांचे काम चुकीचेच होते, असे मी म्हणणार नाही. गुन्हेगाराला बोलते केल्याने कधी कधी न्यायही पुढे सरकतो. अमेरिकेत रॅपर टुपाक शकूरवर 7 सप्टेंबर 1996 रोजी लास वेगासमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. सहा दिवसांनी तो गेला. पुढे 27 वर्षे कोणालाही अटक झाली नाही. ड्वेन डेव्हिस नावाचा माणूस मात्र टीव्हीवर आणि स्वतःच्या पुस्तकात त्या रात्रीबद्दल बोलत राहिला. त्याच बोलण्याचा आधार घेऊन 2023 मध्ये त्याला अटक झाली. आरोप त्याने नाकारले आहेत.

हे सगळे लांबचे वाटत असेल, तर घरातल्या मोठ्यांना गुलशन कुमार यांच्याबद्दल विचारा. स्वस्त कॅसेट घरोघरी पोहोचवणाऱ्या टी-सीरिजच्या या मालकाची 12 ऑगस्ट 1997 रोजी मुंबईत अंधेरीला, देवळातून बाहेर पडताना हत्या झाली. एका मारेकऱ्याची जन्मठेप मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये कायम केली. गाण्यांत पैसा आला की खंडणी मागणारेही येतात. भजनांच्या कॅसेट विकणाऱ्यालाही त्यांनी सोडले नाही, मग दोष एकट्या रॅपला कसा द्यायचा?

मूसेवाला प्रकरणाचा एक धागा तर थेट महाराष्ट्रात आला. जून 2022 मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी विशीच्या आसपासच्या दोन मराठी तरुणांना पकडले. त्यांचा संबंध बिश्नोई टोळीशी असल्याचे पोलिसांनी सांगितले. सुरुवातीला त्यांच्यावर गोळीबाराचाच संशय होता. नंतर दिल्ली पोलिसांनी नेमबाज म्हणून दुसरीच नावे दिली. तरी प्रश्न उरतोच. पंजाबच्या टोळीपर्यंत आपल्याकडची पोरे कशी पोहोचतात? ‘भाई’चे रील बघून, त्याच्या नावाचा दरारा आपल्यालाही मिळावा असे वाटणारी मुले आपल्या गल्लीतही असू शकतात.

म्हणून मुलांच्या हातातून मोबाईल काढून घेऊ नका. शेजारी बसून बघा आणि तीन गोष्टी विचारा. यात सर्वांत जास्त बोलायला कोणाला मिळाले? गेलेल्या माणसाबद्दल आपल्याला काय कळले? आणि त्याच्या घरच्यांचे पुढे काय झाले?

तिसऱ्या प्रश्नावर भाचा गप्प झाला. मग त्यानेच मोबाईलवर शोधले. मार्च 2024 मध्ये मूसेवालाच्या आई-वडिलांना उतारवयात पुन्हा मुलगा झाला. मोठ्या मुलाच्या खटल्यासाठी वडील अजून लढत आहेत. भाच्याने ते वाचून आईलाही दाखवले. त्या रात्री आमच्या घरात गोल्डी ब्रारचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.