आवाज काचेमागे अडकला होता

गेल्या दिवाळीत आमच्या शिंदखेड्याच्या घरी होम थिएटर आलं. पाच स्पीकर आणि एक जाडजूड सबवूफर. हॉल जेमतेम दहा बाय चौदाचा. लेकानं हौसेनं चार स्पीकर शोकेसवर ओळीनं मांडले, मधला तेवढा आत, काचेमागे, बक्षिसांच्या कपांशेजारी. दिसायला छानच! पण हाणामारी सुरू झाली की भांडी थरथरायची आणि माणसं बोलू लागली की नुसती पुटपुटायची.

सासूबाई दोन दिवस बसल्या. "काय बोली राहिना तो? माले काहीच ऐकू येस नही," म्हणाल्या आणि तिसऱ्या दिवसापासून मालिकेच्या वेळी ओट्यावर जाऊन बसू लागल्या. आम्हीही ठरवून टाकलं, वय झालं, कान गेले. धुळ्याला दाखवायचं ठरलं.

एका दुपारी मी माहितीपुस्तिका उघडली. (घरात ती कोण वाचतं, हे तुम्हाला सांगायला नको!) सिनेमातले संवाद बहुतेक मधल्याच स्पीकरमधून येतात म्हणे. आणि आम्ही तोच काचेत कोंडला होता! त्याला टीव्हीखाली आणला, तोंड जरा वर, बसणाऱ्याच्या कानाकडे केलं. पुढचे दोन डावी-उजवीकडे असे, की ते आणि आपली बैठक मिळून समभुज त्रिकोण व्हावा. उरलेले दोन बैठकीच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, कानापेक्षा थोडे उंच. हे मागून-बाजूने येणाऱ्या पाऊस, गर्दी, गाड्यांच्या आवाजासाठी. सबवूफर कोपऱ्यातून ओढून काढला. कोपऱ्यात तो फार घुमतो. समोरच्या कोऱ्या भिंतीवर जुनी गोधडी टांगली. लेक म्हणाला, "आई, हे काय ध्यान!" पण आवाजाचा घणघणाट कमी झाला, हे त्यालाही कबूल करावं लागलं.

मग टेस्ट टोन लावला. एकेका स्पीकरमधून 'श्शऽऽ' येतं, ते सगळीकडून सारखं ऐकू यायला हवं. लेक आपल्या खुर्चीत बसून जुळवत होता. मी त्याला उठवून सासूबाईंच्या दिवाणावर बसवलं. शेवटी मधला स्पीकर दोन-तीन आकडे चढवला.

धुळ्याला जाऊन आलोच. डावा कान थोडा मंदावलाय, पण उजवा ठणठणीत. म्हणून दिवाण आता जरा फिरवून ठेवलाय.

परवा मालिका चालू असताना त्या ओट्यावरून आत आल्या, बसल्या, आणि पाचच मिनिटांत लेकावर खेकसल्या, "आवाज कमी कर रे, मी काय बहिरी शे का?"